भिंत कधी ओली होते, ते आधी पाहा

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो. घर 2006 साली बांधलेलं आहे. वरच्या मजल्यावरची बाथरूम 5 बाय 7 फुटांची. चार वर्षांपूर्वी जुन्या टाइल्स काढून व्हिट्रिफाइड टाइल्स लावल्या, तेव्हाच भिंतीत कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा खालच्या तोटीकडे वळवणारा, भिंतीआड बसवलेला कॉक) बसवला. दीड वर्षापासून शॉवरच्या भिंतीच्या पलीकडे, सासूबाईंच्या खोलीत, जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत सीलन, म्हणजे ओल आहे. रंगाचे पोपडे निघतात, पांढरा खार फुलतो. खाली स्वयंपाकघराच्या छतालाही पिवळा डाग पडलाय. पेंटरने दोनदा खरवडून पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग दिला, दोन्ही वेळा चार महिन्यांत फुगला. दिवाळीत 12 दिवस आम्ही सगळे पुण्याला होतो, तेव्हा डाग बराच सुकला होता. परत आल्यावर चार दिवसांत पुन्हा तसाच. प्लंबर म्हणतो, सगळी बाथरूम फोडावी लागेल. दुसरा एक जण म्हणतो, टाइल्सवरून केमिकल मारतो, काही फोडायला नको. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे फार दिवस थांबताही येत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, दोघांनाही आठ-दहा दिवस थांबवा. उपाय दोघांनी सांगितला, पण भिंत कधी ओली होते आणि कधी सुकते, हे दोघांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. टाइल्समागचं पाणी दिसत नाही. त्याचा माग काढायचा तो वेळेवरून आणि उंचीवरून. या दोन्ही गोष्टी तुम्ही पत्रात नेमक्या लिहिल्या आहेत, म्हणून बरंच काम आधीच झालेलं आहे.

बाथरूमच्या भिंतीत तीन तऱ्हेचं पाणी असतं. पहिलं टाकीपासून नळापर्यंतच्या लाइनमधलं. ते चोवीस तास दाबाखाली असतं, कुणी आंघोळ करो वा न करो. दुसरं डायव्हर्टरपासून वर शॉवरच्या दांडीपर्यंत जाणाऱ्या तुकड्यातलं. हा तुकडा एरवी रिकामा असतो, शॉवर सुरू केला की भरतो. तिसरं वापरलेलं पाणी, म्हणजे अंगावरून, टाइल्सवरून, फरशीवरून वाहत नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्यात) जाणारं. दिवाळीच्या 12 दिवसांत डाग सुकला. त्या वेळी छतावरची टाकी भरलेली असेल आणि बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडा असेल, तर पहिल्या पाण्यावरचा संशय जवळजवळ संपला. मात्र जाताना तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला होता का, हे घरात सगळ्यांना विचारून घ्या. बऱ्याच घरांत गावाला जाताना कुणीतरी सवयीने तो बंद करतं. तसं असेल तर या खुणेला अर्थ उरत नाही.

आता उंची. फरशीतून किंवा ट्रॅपजवळून झिरपणारं पाणी विटांमधून वर चढतं, पण सहसा फूट-दीड फुटापर्यंत. तुमची ओल साडेतीन फुटांवर आहे, आणि डायव्हर्टर साधारण तेवढ्याच उंचीवर बसवतात. आमचा पहिला संशय डायव्हर्टर, त्याच्या वरचा पाइप आणि शॉवरच्या दांडीभोवतीचं भोक यांच्यावर आहे. पण संशयावर छिन्नी चालवू नका. खालच्या चाचण्यांना मोजकं साहित्य लागतं.

त्याआधी वीज. सासूबाईंच्या खोलीतल्या त्या भिंतीवर स्विचबोर्ड किंवा प्लग असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी बंद ठेवा. पाणी वायरच्या पाइपातून लांबवर जातं आणि भलत्याच बोर्डातून बाहेर येतं. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. घरात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या. गिझरचा स्विचही चाचण्यांच्या दिवसांत बंदच. सासूबाईंचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा. ओल्या भिंतीवरची बुरशी दम्याला घातक असते, आणि पुढे ही भिंत खरवडायची आहे तेव्हा धूळही उडणार आहे.

वरची बाथरूम चार-पाच दिवस वापरू नका, पण टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. खोलीतल्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रोज सकाळी नवी रेघ, नवी तारीख. रेघ आत सरकत गेली तर दिवाळीची खूण खरी. सरकली नाही, उलट पसरली, तर चोवीस तास दाबाखालची लाइनच गळते आहे. मग गिझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद करून आणखी दोन-तीन दिवस बघा: ओल थांबली तर गळती गरम लाइनमध्ये, नाही थांबली तर थंड लाइनमध्ये.

भिंत सुकायला लागली की मग दुसऱ्या पाण्याची पाळी. ही चाचणी बहुतेक प्लंबर वगळतात, आणि टाइल्स विनाकारण फुटतात त्या इथेच. शॉवरची दांडी आटे फिरवून काढा. भिंतीतल्या आट्यांत अर्ध्या इंची प्लग टेफ्लॉन टेप लावून घट्ट बसवा. खालच्या तोटीचं तोंडही तसंच बंद करा, कारण डायव्हर्टरच्या आतलं सील थोडंफार पाणी तोटीकडे सोडतं. आता डायव्हर्टर शॉवरच्या बाजूला उघडा आणि 24 तास तसाच ठेवा. एरवी रिकामा असणारा वरचा तुकडा आता भरून राहिला, आणि टाइल्सना पाण्याचा थेंबही लागलेला नाही. या काळात पलीकडची रेघ बाहेर सरकली, तर गळती पाइपात किंवा डायव्हर्टरमध्ये आहे. टाइल्स, ग्राउट (सांध्यांतला भराव), फरशी यांचा संबंध नाही.

एक अडचण आहे. टाकीचा दाब फार कमी असतो. 10 फूट उंचीवरच्या टाकीने शॉवरपाशी चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.3 किलोचा दाब येतो, त्यामुळे बारीक चीर 24 तासांत स्वतःला दाखवेलच असं नाही. शंका राहिली तर प्लंबरला हाताचा टेस्ट पंप आणायला सांगा. त्यावर दाबाचा काटा असतो. गिझरच्या दोन्ही नळ्या काढून तिथे प्लग लावायचे, कारण टेस्टचा दाब गिझरच्या टाकीला झेपेलच असं नाही. मग लाइन 6-7 किलोवर भरून तासभर सोडायची. सुरुवातीला हवेमुळे काटा थोडा उतरतो, तेव्हा एकदा पुन्हा भरून घ्यायचा. त्यानंतर तो स्थिर राहिला तर लाइन निर्दोष. तासाभरात 7 चे 5 झाले तर गळती नक्की. डायव्हर्टर बंद ठेवून हीच टेस्ट पुन्हा केली आणि काटा स्थिर राहिला, तर दोष डायव्हर्टरच्या पुढच्या तुकड्यात आहे.

पाइप संशयातून सुटले की तिसरं पाणी. आता दुसऱ्या नळावरून, बेसिनच्या किंवा खालच्या मजल्यावरच्या, रबरी पाइप आणा. त्याच डायव्हर्टरचं पाणी वापरलं तर पाइपाची आणि टाइल्सची चाचणी एकमेकांत मिसळेल. भिंत खालून वर भिजवायची. आधी फरशीपासून फूटभर, 20 मिनिटं. मग थांबून पलीकडे बघायचं. साडेचार इंची विटेची भिंत पाणी लगेच दाखवत नाही, म्हणून एका पट्ट्यानंतर निदान पाच-सहा तास जाऊ द्या. मग दुसरा पट्टा साडेतीन फुटांपर्यंत, मग शॉवरच्या दांडीपर्यंत. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळून सगळेच सांधे एकदम भिजतात आणि कळत काहीच नाही.

फरशीसाठी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करा आणि इंचभर पाणी 48 तास साठवा. पाण्यात खाण्याचा रंग कालवला आणि खालच्या छताला तोच रंग उतरला, तर पुरावा हातात आला. जुन्या पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यांना रंगाचे डाग राहतील, तेवढी तयारी ठेवा. शेवटी नुसता ट्रॅप: फरशीला पाणी न लावता नरसाळ्यातून चार-पाच बादल्या थेट ट्रॅपमध्ये ओता आणि खाली बघा.

दोष कुठे सापडतो त्यावर काम किती, हे ठरेल.

सगळ्यांत स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे शॉवरच्या दांडीमागची गोल चकती. टाइलला भोक पाडताना मिस्त्री ते दोन-अडीच इंचांचं पाडतो, पाइप असतो इंचभराचा. मधली पोकळी तशीच राहते आणि चकतीखाली झाकली जाते. आंघोळीच्या वेळी भिंतीवरून ओघळणारं पाणी चकतीमागून सरळ आत. डायव्हर्टरच्या मोठ्या प्लेटमागेही हेच. चकती सरकवून टॉर्चने बघा. पोकळी असेल तर सैल सिमेंट काढा, जागा दोन दिवस पूर्ण सुकू द्या, आतली मोठी पोकळी पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरा आणि पाइपाभोवतीचा शेवटचा अर्धा इंच सॅनिटरी सिलिकोनने बंद करा. डायव्हर्टरच्या प्लेटला सिलिकोन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालची कड उघडी ठेवा. पुढे कधी आतून गळालं तर पाणी त्या फटीतून बाथरूममध्येच उतरेल आणि तुम्हाला लगेच कळेल. शॉवरचा भाग 24 तास कोरडा ठेवा. सिलिकोनच्या एका नळीत 280 मिलिलिटर माल येतो, 6 मिमीच्या सांध्याला साडेसात मीटर पुरतो. कोपऱ्यात किंवा उंबऱ्याला कोटा दगड अथवा संगमरवर असेल तर न्यूट्रल सिलिकोनच मागा. स्वस्त सिलिकोनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते आम्ल दगड खराब करतं.

डायव्हर्टर गळत असेल तर आधी त्याचा कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा आतला गाभा, बदलून बघा. दांडा आणि प्लेट काढली की तो समोरूनच निघतो, काही फुटत नाही. बॉडीला जोडलेला सांधा गळत असेल तर मात्र डायव्हर्टरच्या जागेच्या दोन टाइल्स, आणि वरचा एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड) गळत असेल तर दांडीजवळची एक, एवढ्या काढाव्या लागतील. दोन-तीन जादा टाइल्स माळ्यावर ठेवलेल्या आहेत का, आत्ताच शोधून ठेवा. नसतील तर शॉवरच्या भिंतीवर डायव्हर्टरपासून वरपर्यंत दुसऱ्या रंगाचा उभा पट्टा करून घ्या. ठिगळापेक्षा तो बरा दिसतो.

सांधा का गळतो, तेही मिस्त्रीला विचारा. सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) प्लॅस्टिक आट्यांचा एल्बो वापरून त्यात पितळी दांडी जोराने आवळली की एल्बोला केसासारखी चीर जाते. त्या जागी पितळी इन्सर्टचाच एल्बो हवा. टेफ्लॉनचे 8-10 वेढे आट्यांच्या दिशेने. चिकटवताना सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट, यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाचं) नाही; पाइप पाव वळसा देत आत ढकलायचा आणि 30 सेकंद दाबून धरायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. गरम लाइनला पांढरा यूपीव्हीसी वापरलेला आढळला तर तो पूर्ण बदला, गिझरच्या पाण्याने तो मऊ पडतो. आणि टाकीकडून येणारी लाइन अजून 2006 ची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल, तीच गळत असेल, तर एका ठिकाणी ठिगळ लावू नका. भिंतीतला जीआय बाहेरून गंजतो, एक जागा बंद केली की काही महिन्यांनी दुसरी फुटते. जुनी लाइन प्लग लावून भिंतीतच मरू द्या आणि नवी सीपीव्हीसी ओढा. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी (पाइपासाठी खोदलेली खाच) पाऊण इंचापेक्षा खोल नको.

पाइप निर्दोष आणि भिंत भिजवल्यावर ओल आली, तर दोष टाइल्सच्या सांध्यांत. तुमच्याकडे याची दोन कारणं असू शकतात. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून नुसतं कालवलेलं सिमेंट तिला धरत नाही. त्यात भर म्हणजे मधोमध सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा गोळा ठेवून टाइल थापायची पद्धत. चारही कोपऱ्यांमागे पोकळी राहते, सांध्यातून आत गेलेलं पाणी तिथे साठतं आणि दिवसभर विटांमध्ये मुरत राहतं. रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने फुली मारा. फुल्या दोन-चारच असतील आणि टाइल्स हलत नसतील तर सांधे नवे करून भागेल. अर्ध्याअधिक भिंतीवर फुल्या असतील तर ती भिंत उतरवावीच लागेल.

सांधे नवे करणं म्हणजे जुन्यावर पांढरं सिमेंट चोळणं नव्हे. जुना भराव टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढायला हवा. तुमच्या टाइल्स एकमेकींना खेटून लावलेल्या असतील तर पातळ डायमंड ब्लेडने सांधे 3 मिमी रुंद करून घ्यावे लागतील. धूळ फार बारीक उडते. मास्क हवा, आणि सासूबाई त्या दिवशी घराबाहेर असतील तर उत्तम. सांधे झाडून, पुसून, पूर्ण सुकू द्यायचे आणि इपॉक्सी ग्राउट भरायचं. 1 बाय 2 फुटांच्या टाइल्स असतील तर शॉवरच्या दोन भिंतींना 1 किलोचा संच पुरतो. एका वेळी पाव-पाव किलोच कालवा. इंदूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आत घट्ट व्हायला लागतो, आणि टाइल्सवर वाळलेलं इपॉक्सी मग निघता निघत नाही. भिंत-भिंत आणि भिंत-फरशी यांच्या कोपऱ्यांत ग्राउट नको, तिथे सिलिकोन. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, कडक भराव तडकतोच.

टाइल्सवरून मारायच्या पारदर्शक केमिकलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. केसासारख्या बारीक चिरांना ते काही काळ आधार देतं. पाइप गळत असेल, चकतीमागे भोक असेल, टाइल पोकळ असेल, तर त्याने काही होणार नाही. चाचण्या न करता त्यावर पैसे घालू नका. छताला भोकं पाडून इंजेक्शन करणाऱ्यांनाही हेच लागू: वरचं पाणी थांबल्याशिवाय खालून बुजवलं की ते दुसरीकडे वाट काढतं.

बाथरूम खरोखर फोडावी लागते ती तीन वेळा: फरशीच्या चाचणीत खाली पाणी उतरलं तर, ट्रॅपचा किंवा मैलापाइपाचा सांधा खचलेला असेल तर, आणि बहुतेक टाइल्स पोकळ असतील तर. पहिल्या दोन बाबतींत फरशीचं काम अटळ आहे. तिसऱ्यात शॉवरच्या दोन भिंतींवर भागतं. तशी वेळ आली तर पुढचं वाचून ठेवा, कारण चार वर्षांपूर्वी कुठेतरी यातलंच काहीतरी राहून गेलंय.

टाइल्स आणि सैल प्लास्टर विटेपर्यंत काढा. पाइपांची 7 किलोवर टेस्ट करा, झिऱ्या भरण्याआधी. प्लास्टर 1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 200 मिलिलिटर वॉटरप्रूफिंग लिक्विड. 7 दिवस पाणी. फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात 1 ला 3 मसाल्याचा इंचभराचा गोलसर वाटा, इथले मिस्त्री ज्याला गोला म्हणतात. फरशीचा उतार ट्रॅपकडे, 5 फुटांत दीड ते दोन सेंटिमीटर. उतार प्लास्टरलाच द्यायचा, टाइल लावताना मसाला कमी-जास्त करून नाही.

मग दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, पावडर आणि लिक्विड पाकिटावरच्या प्रमाणातच कालवलेलं. मिस्त्री ब्रश चालावा म्हणून वरून पाणी घालतात. तिथेच उभं राहून थांबवा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपच्या तोंडाभोवती 4 इंच रुंद फायबर जाळीची पट्टी पहिल्या ओल्या कोटमध्ये दाबायची. दुसरा कोट चार-सहा तासांनी, पहिल्याच्या आडव्या दिशेने. दोन्ही मिळून मिलिमीटरभर थर झाला पाहिजे. तुमच्या मापाला हिशेब असा: फरशी 35 चौरस फूट, चारही भिंतींवर फूटभर उंचीचे 24, शॉवरच्या दोन भिंतींवर कोपऱ्यापासून प्रत्येकी 3 फूट रुंदीत 7 फुटांपर्यंतचे उरलेले 36, मिळून 95 चौरस फूट, म्हणजे पावणेनऊ चौरस मीटर. चौरस मीटरला पावणेदोन-दोन किलो धरले तर 15 ते 18 किलो माल. 20 किलोची खरेदी करा. जाळी 12 मीटर. कुणी 5 किलोच्या डब्यात बाथरूम उरकतो म्हणाला तर ते नुसतं रंगवणं झालं.

सगळ्यांत नाजूक जागा ट्रॅप. त्याच्याभोवतीची पोकळी आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने ठासून भरा आणि कोटिंग ट्रॅपच्या गळ्यात दोन इंच आत उतरवा. उंबऱ्याखालूनही कोटिंग जाऊ द्या. कोटिंग किती दिवसांत पक्कं होतं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस जाऊ द्या आणि मग इंचभर पाणी 48 तास साठवा. टाइल्स लावण्याआधी. ही चाचणी न करता लावलेली टाइल म्हणजे पुन्हा फोडायची टाइल.

टाइल्स सिमेंटने नाही, टाइल ॲडहेसिव्हने: आयएस 15477 प्रमाणे टाइप 2 किंवा त्यावरचं. शॉवरच्या भिंतींना 20 किलोच्या दोन गोण्या आणा. टाइलच्या पाठीवरची पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ॲडहेसिव्ह पुडीलाच चिकटतं. 8 मिमीच्या दातेरी थापीने भिंतीवर थर, टाइलच्या पाठीवरही पातळ थर, मध्ये 3 मिमीचे स्पेसर. दर दहा टाइल्समागे एक लगेच ओढून काढा आणि पाठ बघा. कोपऱ्यांसकट सगळीकडे माल लागलेला दिसला पाहिजे.

खालच्या स्वयंपाकघराच्या डागाबद्दल थोडी सबुरी ठेवा. 2006 च्या घरात बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले असण्याची दाट शक्यता आहे. 35 चौरस फुटांच्या अशा भरावात दोन-तीनशे लिटर पाणी सहज मावतं. वरचं गळणं थांबलं तरी ते कित्येक आठवडे खाली उतरत राहतं आणि घरात सगळे म्हणतात, काम फुकट गेलं. डागाखाली वाटी ठेवून रोज किती पाणी साठतं ते मोजा. रोज घटत असेल तर काम बरोबर झालंय. छताचं प्लास्टर पडून सळया दिसत असतील, गंज सुटला असेल, तर मात्र सिव्हिल इंजिनिअरला दाखवा, तो मिस्त्रीच्या हातचा विषय नाही.

सासूबाईंच्या भिंतीला वॉटरप्रूफ रंग दोनदा का फुगला, हे आता लक्षात आलंच असेल. पाणी मागून येत होतं आणि रंग पुढून अडवत होता. गळती बंद झाल्यावर ओलीच्या कडेपासून फूटभर बाहेरपर्यंत रंग, पुट्टी आणि मऊ झालेलं प्लास्टर विटेपर्यंत काढा. खार कोरड्या ब्रशने झाडा आणि उचलून घराबाहेर टाका. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत मुरतो. मग भिंत उघडी ठेवा. इंचभर जाडीला महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. तुमच्या भिंतीला दोन्हीकडून वारा लागत नाही, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही तीन-चार महिने धरून चाला. पावसाळ्यात हे काम काढू नका. मार्चमध्ये उघडलेली भिंत माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जूनपर्यंत सुकते. सुकली का ते बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी आतून घाम दिसला नाही, तर प्लास्टर करा. पहिलं वर्ष साधा चुना किंवा डिस्टेंपरच द्या, प्लॅस्टिक पेंट पुढच्या वर्षी.

नवे सांधे झाले की ॲसिडची बाटली घरातून काढून टाका. बोरिंगच्या जड पाण्याने टाइल्सवर पांढरे थर बसतात, म्हणून आपल्याकडे दर महिन्याला ॲसिडने बाथरूम घासायची पद्धत पडली आहे. ते ॲसिड पांढऱ्या थराबरोबर सिमेंटचा सांधाही खातं. तुमच्या सांध्यांचे हाल त्यानेही झालेले असू शकतात. शॉवरला नर्मदेचं पाणी देता आलं तर थर बरेच कमी बसतील. नाहीतर आंघोळीनंतर वायपरने भिंत एकदा ओढली तरी पुरतं.

मिस्त्रीशी बोलताना दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: झिऱ्या भरण्याआधी पाइपांची टेस्ट, आणि टाइल्सआधी 48 तासांचं पाणी. शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीनंतरच द्या. आणि झिऱ्या उघड्या असताना प्रत्येक पाइपाशेजारी मापाची टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, फरशीपासूनची उंची आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असे. पुढे टॉवेलची दांडी लावायला कुणी ड्रिल घेऊन आला की आधी तो फोटो त्याच्या हातात द्या.